मंगळवार पेठेतला बोळ आणि ‘पी’ला अडकलेली गाडी

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. शनिवारी पहाटे निघालो, खंबाटकी, कराड, किणी टोल, अकराच्या आत मंगळवार पेठेत आत्याच्या दारात. रस्त्याबद्दल एवढंच पुरे, कारण खरा प्रवास रविवारी सकाळी झाला. सहा फुटांचा.

आत्याच्या बोळात गाडी नाकाने आत घालावी लागते. पुढचा बंपर भिंतीपासून वीतभर. सकाळी पन्हाळ्याला निघायचं म्हणून चावी फिरवली तर टिक नाही की टुक नाही. बॅटरी ठार. बॅटरी उतरली की ऑटोमॅटिक गाडीचा गिअरचा दांडा ‘पी’मधून, म्हणजे पार्किंगमधून, हलत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ब्रेक दाबल्यावर दांड्याखालचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा चुंबक, खटका सोडतो, आणि त्याला वीज लागते. म्हणजे ढकलायची सोय नाही, आणि भिंतीमुळे बॉनेटपाशी उभं राहून दुसऱ्या बॅटरीची केबल लावायलाही जागा नाही.

आतेभावाने उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. ते स्कूटरवर आले, आत डोकावले आणि म्हणाले, “न्यूट्रलला आणल्याबिगर काय हुत न्हाई भावा. हँडब्रेक वड आधी.”

हँडब्रेक मी ओढला. मागच्या चाकांना त्यांनी दोन विटा लावल्या, बोळाला उतार आहे म्हणून. चावी ‘ऑन’ला, म्हणजे स्टीअरिंगचं लॉकही सुटतं. मग दांड्याच्या बाजूचं नखाएवढं प्लास्टिकचं झाकण त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून उचकटलं. नुसतं टोक लावलं तर ओरखडे उठतात. खाली अरुंद खाच. तिच्यात ड्रायव्हर सरळ खाली दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने दांड्याचं बटण दाबून तो ‘एन’ला आणायचा. खट् आवाज आला. इतकंच.

विटा काढल्या, मी आत बसलो, चौघांनी मागे ओढली. इंजिन बंद असताना ब्रेक एक-दोनदाच नीट लागतो, नंतर पेडल दगड होतं. तेव्हा हात हँडब्रेकवरच ठेवा. आणि अशी गाडी टो करायची वेळ आली तर पुढची चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढू देऊ नका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही बंद, आतले भाग कोरडे घासतात. सपाट ट्रॉलीच मागवा.

केबल लावून गाडी सुरू झाली. पण बॅटरी उतरली का? शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, “रात्री मागचे लाल दिवे पेटलेले की तुझे. म्हटलं निघालायस कुठंतरी.”

मिस्त्रींनी मॅट उचलली. ब्रेक पेडलखाली प्लास्टिकचा पिवळट चुरा, बुंदी सांडल्यासारखा. पेडलच्या पट्टीवर एक छोटा स्टॉपर असतो, तो ब्रेक लाइटच्या स्विचची पिन दाबून धरतो. जुना होऊन तो फुटला की पिन भोकातून बाहेर येते, स्विचला वाटतं ब्रेक दाबलाय, आणि दिवे रात्रभर जळतात. गाडी दहा वर्षांची असेल तर चुरा आहे का ते आजच बघा. गाडी लावल्यावर मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का तेही.

त्यांनी त्या भोकात छोटा बोल्ट, नायलॉन वायसर आणि नट बसवला. दिवे विझले. “पुण्याला गेल्यावर नवा स्टॉपर घाल, हे तात्पुरतं हाय,” म्हणाले. तो भाग मी मागवलाय, पण बोल्ट अजून आहे.

एक लक्षात ठेवा: हा खाचेचा उपाय सगळ्या गाड्यांत नसतो. काहींत झाकण दांड्याच्या कव्हराखाली लपलेलं असतं. गोल खुंटी किंवा बटणांच्या गिअरवाल्या गाड्यांत बहुधा वीजच द्यावी लागते. एएमटीवाल्या (साध्या गिअरबॉक्सचेच क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या) बऱ्याच गाड्यांना ‘पी’च नसतो, तिथे बॅटरी संपली तर गाडी ज्या गिअरमध्ये बंद केली त्यातच अडकते. गाडीच्या माहितीपुस्तकातल्या या पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, बोळात नेटवर्क येईलच असं नाही.

पन्हाळा राहिलाच. तोवर आत्याचा पांढरा रस्सा दोनदा गरम करून झाला होता.