झिओलाइटमध्ये शिरलेले पाणी

बडोद्याचा मे महिना धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणाऱ्या आमच्या प्रायोगिक संयंत्राला सोसतो; त्याला जड जातो तो आषाढ. बाहेरगावाहून आलेल्या अभियंत्यांना हे उलटे वाटते, पण त्यामागचे कारण सरळ आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला तरी हवा कोरडी असते, कूलिंग टॉवरमध्ये बाष्पीभवन जोमाने होते आणि पाणी चांगले निवते. जुलैत तापमान ३२ अंशांवर उतरते, मात्र हवाच दमट असल्यामुळे टॉवरचे पाणी निवत नाही, ते पाणी पुढे धुराच्या वायूला पुरेसे थंड करू शकत नाही, आणि जितका वायू गरम तितकी वाफ तो आपल्याबरोबर पुढे नेतो. संपृक्त वायूतील वाफेचे प्रमाण दर दहा-बारा अंशांना साधारण दुप्पट होते. मी सांगते आहे तो दिवस अशाच एका जुलैतला आहे.

नंदेसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचे काम आम्ही करत होतो. वाफ वगळली तर या धुरात कार्बन डायऑक्साइड सुमारे १० टक्के, ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला बहुतेक नायट्रोजन असतो. पाण्यात मिसळलेल्या अमाइनने (कार्बन डायऑक्साइडशी जोडले जाणारे नायट्रोजनयुक्त रसायन) हा वायू शोषून घेण्याची रीत जुनी व भरवशाची आहे. परंतु त्यात दर वेळी ते सगळे द्रावण तापवावे लागते आणि एक टन कार्बन डायऑक्साइडमागे साधारण ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता खर्ची पडते. अधिशोषणात, म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायू धरून ठेवण्याच्या रीतीत, हे द्रावण नसते. स्तंभात भरलेल्या झिओलाइट १३एक्स या सच्छिद्र खनिजासारख्या पदार्थाच्या छिद्रांची तोंडे सुमारे ०.७४ नॅनोमीटर रुंद असतात, म्हणजे नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड दोघेही आत सहज शिरतात. फरक पडतो तो आतल्या सोडियम आयनांमुळे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत विद्युतभाराची विभागणी नायट्रोजनपेक्षा अधिक विषम असते, म्हणून हे आयन त्याला अधिक घट्ट धरतात. मग व्हॅक्यूम पंपाने दाब उतरवला की धरलेला वायू सुटतो आणि तोच आमचा माल; धरण्या-सोडण्याचे हे चक्र सतत चालते. पाण्याचा रेणू मात्र याच आयनांना कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटतो आणि निर्वातातही लवकर सुटत नाही. म्हणूनच स्तंभाच्या तळाशी, वायू जिथून आत येतो तिथे, झिओलाइटच्या खाली ॲल्युमिना या पाणी शोषणाऱ्या पदार्थाचा थर दिलेला होता, जेणेकरून पाणी तिथेच अडावे.

त्या सकाळी मिळणाऱ्या वायूची शुद्धता नव्वद टक्क्यांवरून त्र्याऐंशीपर्यंत घसरलेली दिसली आणि पंपाला नेहमीचा निर्वात गाठायला जास्त वेळ लागत होता. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की कोणीही प्रथम गळतीचाच संशय घेतो, कारण निर्वात नळीला कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मालात मिसळते. देखभाल विभागाने संयंत्र थांबवून सगळे जोड तपासण्याची तयारी केली होती.

मला त्याआधी एक आकडा पाहायचा होता. बाहेरची हवा शिरली असेल तर ती आपले प्रमाण घेऊनच शिरणार, म्हणजे एक भाग ऑक्सिजनला जवळपास चार भाग नायट्रोजन. उलट, भेसळ जर धुरातूनच येत असेल तर ऑक्सिजन नायट्रोजनच्या मानाने फारच थोडा असणार, तीस भागांत एखादा भाग. मालाच्या नळीवरील ऑक्सिजन अॅनालायझरचा आकडा पाहिला, तेव्हा तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. भेसळ दहावरून सुमारे सतरा टक्क्यांवर गेली होती. ती वाढ हवेमुळे झाली असती तर ऑक्सिजन दीड टक्क्याहून अधिक चढायला हवा होता. म्हणजे फट नव्हती. स्तंभच पूर्वीइतका कार्बन डायऑक्साइड धरत नव्हता, आणि छिद्रांत व मोकळ्या जागेत अडकलेला नायट्रोजन मात्र तेवढाच येत होता.

पण स्तंभ का धरत नव्हता? त्याचे उत्तर कंट्रोल बोर्डवरच्या काकांकडे होते. ते दांडिया बाजारात वाढलेले, निवृत्तीला आलेले ऑपरेटर. स्तंभाच्या उंचीवर ठिकठिकाणी बसवलेल्या थर्मोकपलांच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या) रेषा पाहण्याची त्यांना विलक्षण सवय. अधिशोषण होताना उष्णता बाहेर पडते आणि वायू सुटताना बेड (स्तंभातला झिओलाइटचा थर) निवतो, त्यामुळे प्रत्येक चक्रात या रेषा लाटेसारख्या वर-खाली होतात. काकांनी मला झिओलाइटच्या सर्वांत खालच्या बिंदूची रेषा दाखवली. ती जवळजवळ सपाट झाली होती.

“थर्मोकपल खराब झाला असेल का काका?” मी विचारले.

“ताई, खराब झाला असता तर एकदम गेला असता. हा पाऊस लागल्यापासून हळूहळू बसत आलाय, आणि आता त्याच्या वरचाही बसायला लागलाय. मागचा ट्रेंड काढून बघा.”

ट्रेंड काढला. पूर्वी प्रत्येक चक्रात वीस-बावीस अंशांचा असणारा चढउतार खालच्या बिंदूवर कमी कमी होत नाहीसा झाला होता, आणि वरचा बिंदू त्याच वाटेने निघाला होता. ॲल्युमिनाचा थर पाण्याने भरून गेला होता आणि पाण्याची आघाडी झिओलाइटमध्ये शिरून वर सरकत होती. जिथवर पाणी पोहोचले तिथवरच्या आयनांवर कार्बन डायऑक्साइडला जागाच उरली नव्हती. तिथे अधिशोषण नाही, म्हणून उष्णता नाही, म्हणून लाट नाही. पंपाचा वाढलेला वेळही त्यातच सुटला, कारण निर्वातात पाण्याची वाफ सुटू लागली की कमी दाबावर तिचे आकारमान प्रचंड होते आणि पंपाला ती सगळी ओढावी लागते. इतक्या वर्षांच्या कामात मला अशी स्वच्छ उकल क्वचितच पाहायला मिळाली आहे, आणि तिचे श्रेय मी मोकळेपणाने काकांच्या नजरेला देते.

दुपारी आम्ही जोडणी तपासण्याचे काम रद्द केले आणि चक्र बदलले. धूर आत घेण्याचा काळ कमी केला. स्तंभाच्या माथ्यातून बाहेर पडणारा वायू जवळजवळ कोरडा नायट्रोजन असतो, आणि एरवी तो आम्ही सोडून देत होतो. त्याचाच थोडा भाग वरून खाली उलटा सोडून दाब पुन्हा भरायला सुरुवात केली. यामुळे कार्बन डायऑक्साइडची आघाडी तळाकडे दाबली जाते आणि पुढच्या फेरीत तो माथ्यातून निसटत नाही. पाणीही आले त्याच वाटेने मागे रेटले जाते. कोरड्या वायूवर ही पद्धत सिंगापूरच्या प्रायोगिक संयंत्रात उत्तम ठरलेली आहे, आणि ओल्या वायूबाबत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले आहे की पुरेसा निर्वात असेल तर पाण्याची आघाडी बेडच्या तळाशी एका जागी स्थिरावू शकते. आमच्याकडेही ती स्थिरावली. वरच्या बिंदूची लाट पुढच्या काही पाळ्यांमध्ये परत आली. तळाचा बिंदू मात्र तसाच राहिला, आणि तेथील झिओलाइट पुढे बाहेर काढून ३०० अंशांच्या वर कोरड्या वायूत भाजूनच पुन्हा वापरावा लागला. ॲल्युमिनाचा थरही त्यानंतर जाड केला.

त्या दिवसापासून कोणत्याही नव्या अधिशोषकाबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारते की ओल्या वायूत तो किती धरतो. पुष्कळ पदार्थांची क्षमता शुद्ध, कोरड्या कार्बन डायऑक्साइडवर मोजलेली असते आणि प्रत्यक्ष चिमणीतला वायू कधीच तसा नसतो. कॅनडातील कॅलगरी येथे विकसित झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅल्फ-२० हा जस्तयुक्त पदार्थ मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो: त्याची कोरडी क्षमता १३एक्सला मागे टाकणारी नाही, पण सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तो पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडला पसंती देतो आणि वाफेनेही बिघडत नाही. तरीही कूलरमधून निघालेला आमचा वायू १०० टक्के संपृक्त असतो, म्हणून कॅल्फ-२० वापरला तरी तो वायू आधी थोडा गरम करून किंवा सुकवूनच आत सोडावा लागेल, आणि त्या सुकवण्याला लागणारी ऊर्जा पंपाच्या विजेत धरूनच हिशेब मांडावा लागेल. हा हिशेब आम्ही आता जुलैच्या आकड्यांवर करतो, जानेवारीच्या नाही.