श्वास घेताना की सोडताना?

धाकट्याचा श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा तो एकवीस महिन्यांचा होता. रात्री दीडचा सुमार. सर्दी नाही, ताप नाही. तोंड उघडं, मान मागे टाकलेली आणि घशातून घरघर. मग एकदम शांत. मी मनात आकडे मोजू लागले. सातला त्याने आचका दिला, श्वास परत सुरू झाला आणि कूस बदलून तो झोपून गेला. मी सकाळपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर झोपलेला नातू दाखवला. ती म्हणाली, "अगं, हा घोरतोय. एवढंसं पोर रोज घोरतं का कधी?" मला वाटलं, घोरणं ही काय डॉक्टरांना सांगायची तक्रार झाली?

इथे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत थेट बालरोगतज्ज्ञांकडे जाता येत नाही. आधी जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. त्यांना गरज वाटली तर ते पुढे पाठवतात. रात्री-अपरात्री शंका आली तर १११ ला फोन, जिवावर बेतलं तर ९९९. जीपीकडे मिळतात साधारण दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत जे सांगायचं ते सगळं माझ्याकडे मराठीत होतं: घरघर, धाप, आचका, श्वास अडकणं. इंग्रजीत या सगळ्यासाठी मला एकच शब्द सुचला, 'व्हीझ'. तोच मी बोलून बसले. डॉक्टरांनी छाती तपासली. भरदिवसा, हातात गाडी घेऊन बसलेला मुलगा अगदी नीट श्वास घेत होता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी निळा इन्हेलर लिहून दिला. सहा आठवडे दिला. रात्री तशाच राहिल्या.

दुसऱ्या खेपेला वेगळ्या डॉक्टर होत्या. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "आवाज श्वास घेताना येतो की सोडताना?" मला सांगता येईना. इतक्या रात्री ऐकूनही माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. व्हीझ म्हणजे बारीक शिट्टीसारखा आवाज. तो छातीतल्या लहान नळ्या आकसल्यामुळे बहुतेक वेळा श्वास सोडताना येतो. श्वास घेताना कर्कश, तीक्ष्ण आवाज येत असेल तर अडथळा स्वरयंत्रापाशी किंवा श्वासनलिकेत असू शकतो, त्याला स्ट्रायडर म्हणतात. आणि घोरल्यासारखी जाड घरघर येते ती नाकाच्या मागून, घशातून. एका शब्दाच्या फरकाने तपासाची दिशाच बदलते. त्यांनी व्हिडिओ आणायला सांगितला. दिवा लावायचा, बनियन वर करायची, चेहऱ्याबरोबर छाती आणि पोटही दिसलं पाहिजे. शिवाय तो झोपेत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे.

मोजले. सव्वीस. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त झाले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो जलद श्वास. म्हणजे आकडा ठीकच होता. पण व्हिडिओत दिसलं ते ठीक नव्हतं. पोट वर यायचं तेव्हा छाती आत जायची, आणि गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला खोल ओढली जायची. आवाज श्वास घेताना येत होता. माझं मूल झोपेत कष्ट करत होतं, आणि मी इतके दिवस फक्त आवाजाकडे कान देऊन बसले होते.

त्यानंतर कान-नाक-घसा विभागात पाठवलं. घरी नेण्यासाठी एक छोटं यंत्र मिळालं. रात्रभर पायाच्या अंगठ्याला सेन्सर, वरून पायमोजा, मोज्यातून झिरपणारा लाल उजेड. रक्तातला ऑक्सिजन रात्रीतून पुन्हा पुन्हा खाली घसरलेला निघाला. निदान झालं: वाढलेले अ‍ॅडेनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारख्या गाठी, आणि त्यामुळे झोपेत होणारा श्वासाचा अडथळा. अ‍ॅडेनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या बाजूला असतात, नुसतं तोंड उघडून दिसत नाहीत. लहानपणी वाढतात, पुढे आपोआप आकसतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की उरलेली वाटही अरुंद होते. म्हणून दिवसा सगळं छान. झोपेत घामाने भिजणारी उशी, दिवसभर उघडं तोंड, जेवताना मध्येच थांबणं, हे सगळं एकाच गोष्टीचं होतं.

एक मात्र इथे सांगायलाच हवं. आमच्याकडे थांबायला वेळ होता. ओठ निळसर पडले, जागेपणी बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, नाकपुड्या फुलू लागल्या, मूल मलूल झालं, तर व्हिडिओ काढत बसू नका, तातडीने दवाखाना गाठा. खाता-खेळताना अचानक ठसका लागला आणि नंतर श्वासाचा आवाज बदलला, तरीही. शेंगदाण्यासारखी वस्तू श्वासनलिकेत अडकली तर ती एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही.

विभागाचं पत्र आलं त्या संध्याकाळी आईला फोन केला. पत्रातली पहिलीच तक्रार मराठीत करून सांगितली: रोज रात्री घोरतो.

"मग? आत्ता कसा झोपलाय?"

"घोरतोच आहे अजून. बारा तारखेला ऑपरेशन आहे."

"फोन त्याच्याजवळ ठेव जरा," आई म्हणाली. मी उशीपाशी ठेवला.