वाचून का घेत नाही?

परभणीत कोणाच्याही घरी जेवायला बसले आणि पहिल्या घासाआधी मसाल्याची चौकशी केली, की एक प्रश्न ठरलेला असतो: "पाकिटावर सगळं लिहिलेलं असतंय की, मग वाचून का घेत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मला तिळाची ॲलर्जी आहे, आणि पाकीट वाचून तीळ कळतातच असे नाही.

संक्रांत मला सर्वांत अवघड जात असेल, असे लोकांना वाटते. परंतु तिळगूळ काय किंवा भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर थापलेले तीळ काय, ते डोळ्यांना दिसतात, आणि दिसणारी वस्तू नाकारणे सोपे असते. अवघड जाते ती एरवीची आमटी. आपल्याकडच्या काळ्या मसाल्यात धने, खोबरे, दगडफूल यांच्याबरोबर तीळही भाजून घालतात आणि कांडपातून आल्यावर त्यांचा मागमूस उरत नाही. घरचा मसाला असेल तर निदान करणारीला विचारता येते. विकतच्या फरसाणावर किंवा तयार चटणीवर पुष्कळदा "मसाले" एवढाच शब्द असतो, तोही पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर, किमतीच्या चिठ्ठीखाली अर्धा झाकलेला. तो शब्द नियमाला धरूनच असतो, कारण मसाल्यांचा उल्लेख असा एकत्रित करण्याची मुभा आहे, आणि एखादे मिश्रण पदार्थात 5 टक्क्यांहून कमी असेल तर त्यातले घटक सहसा वेगळे सांगावे लागत नाहीत.

ॲलर्जीची सूचना वेगळी छापलेली असते, हे खरे. 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्ये, झिंगे-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची सूचना देणे बंधनकारक झाले. त्या यादीत तीळ नव्हते. अमेरिकेने 2021 मध्ये कायदा करून तीळ यादीत घेतले आणि 1 जानेवारी 2023 पासून ते लेबलावर सांगणे सक्तीचे केले; युरोपात तीळ आणि मोहरी दोन्ही सांगावी लागतात. जिथे तीळ पिकतात आणि घरोघरी खाल्ले जातात, त्या देशाने त्यांना यादीबाहेर ठेवावे, हे मला मनापासून खटकते.

वनस्पती तुपाची गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. साजूक तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल घालण्याची अट आपल्याकडे अनेक वर्षे होती आणि ती 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांतही आली. तिळाच्या तेलाचा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याशी संयोग झाला की लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. ग्राहकाच्या भल्यासाठी केलेली ही योजना आहे, आणि तिच्यामुळेच बेकरीतली नानकटाई, खारी, टोस्ट मी घेत नाही. या जिनसा सुट्ट्या विकल्या जातात; तिथे वाचायला पाकीटच नसते.

माझ्या अंगावर गांधी उठल्या की बघणारे "पित्त उठलं" म्हणतात आणि मायेने आमसुलाचे पाणी लावतात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ओठ आणि जीभ सुजून घसा आवळू लागला, तर आमसूल किंवा नेहमीची ॲलर्जीची गोळी पुरत नाही; मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते आणि तेही लगेच.

म्हणून मी "यात तीळ आहेत का?" असे विचारत नाही. त्यावर "नाही" हेच उत्तर येते, कारण मसाल्यात कुटलेल्या तिळांची त्या घडीला कोणाला आठवण होत नाही. मसाला घरचा की विकतचा, त्यात काय काय भाजून घातले आणि फोडणीला तेल कोणते, असे मी एकेक करून विचारते. त्याचा राग मानू नये. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाकही नको. मसाला घालण्याआधी वाटीभर वरण काढून ठेवले आणि सोबत ज्वारीची भाकरी दिली, तर माझे जेवण होते.