मिरामारची वाळू ते सायकल: गोव्याच्या दोन फेऱ्या

मिरामारला समुद्र पश्चिमेला आहे. पोहून बाहेर आलं की तोंड थेट पूर्वेकडे होतं आणि तिरपं ऊन डोळ्यांवर येतं. समोरच्या सायकली, दांड्या, नंबरांच्या पाट्या, सगळं काळपट दिसायला लागतं. आदल्या दिवशी दुपारी सायकल लावताना हेच ऊन पाठीवर होतं आणि सगळं लख्ख दिसत होतं. ८ ऑक्टोबर २०२३ ला गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीत, हे मला फार महागात पडलं. पुढच्या वर्षी, २७ ऑक्टोबर २०२४ ला, मी परत गेले आणि सायकलपाशी सरळ पोचले. या दोन फेऱ्यांत काय बदललं ते सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे कुणी नीट सांगत नाही.

ज्यांना अंतरं माहीत नाहीत त्यांच्यासाठी: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. मैलांत बेरीज ७०.३, म्हणून हे नाव. सगळं साडेआठ तासांत संपवायचं असतं. पोहणं आणि सायकलच्या मधला टप्पा म्हणजे टी-वन, सायकल आणि धावण्याच्या मधला टी-टू. घड्याळ तिथेही चालूच असतं.

आम्ही पुण्याहून शुक्रवारी पहाटे निघालो. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, पणजी. पुढचं चाक काढून सायकल मागच्या सीटवर, खाली जुनी गोधडी. घाटात धुकं मिळालं, रस्ता ठीक होता. मुक्काम शक्यतो मिरामार किंवा कांपालला करा, म्हणजे शर्यतीच्या पहाटे चालत जाता येतं.

शनिवारी सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली ठेवायच्या आवारात, नेऊन आपल्या नंबरच्या जागी टांगायची. दांडीवर सीट अडकवायची, सीटपोस्टला नंबरचा स्टिकर. टायरमधली हवा थोडी कमी करून ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हात गच्च भरलेली ट्यूब फुटल्याचा आवाज मी त्याच दुपारी दोनदा ऐकला. पहाटे पंपाने परत भरता येते. चेन हलक्या गिअरवर सोडा. परतीच्या पावसाचे दिवस असतात, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून या.

तर पहिल्या वर्षी मी सायकल लावली, फोटो काढला, आजूबाजूला पाहिलं. शेजारी लालभडक सायकल होती, चमकदार, लांबूनही उठून दिसणारी. मी मनात खूण बांधली, लाल सायकलच्या शेजारी. आणि गेस्ट हाउसवर जाऊन झोपले.

रविवारी समुद्र शांत होता. पाणी कोमट, वेटसूटचा (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा) प्रश्नच नाही. मला पोहायला पंचावन्न मिनिटं लागली. बाहेर आल्यावर पहिली दहा पावलं जमीन हलते. तासभर आडवं पोहून एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि डोकं हलकं होतं, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण त्या अवस्थेत आठवणीवर विसंबू नका. मी हेल्मेट घालून, बक्कल लावून रांगांमध्ये शिरले आणि लाल सायकल शोधायला लागले.

लाल सायकल नव्हती. ती बाई माझ्याआधी पोहून आली होती आणि केव्हाच रस्त्याला लागली होती.

त्यात माझ्या चष्म्याचा नंबर उणे पाच. पोहण्याचा साधा गॉगल मी सवयीने कपाळावर सरकवला होता आणि चष्मा होता सायकलच्या हँडलला अडकवलेल्या डबीत. म्हणजे सायकल दिसायला चष्मा हवा आणि चष्मा मिळायला सायकल. समोर उन्हात नुसत्या चाकांच्या रेषा. मी एका रांगेच्या शेवटापर्यंत गेले, वळले, दुसऱ्या रांगेत शिरले. एक स्वयंसेवक मुलगा धावत आला, "ताई, नंबर सांगा!" मला नंबरही चटकन आठवेना. दंडावर लिहिलेला होता, तो सनस्क्रीनने पुसट झाला होता. त्याने मनगटावरची पट्टी वाचली आणि मला दोन रांगा पलीकडे नेलं. हे सगळं अडीच-तीन मिनिटं चाललं असेल, पण छाती जी धडधडायला लागली ती पहिले दहा किलोमीटर थांबली नाही. खरं नुकसान त्या दहा किलोमीटरांत झालं. पाणी प्यायचं विसरले, पायांवर नको तेवढा जोर दिला, आणि डोना पावलाच्या बाजूला धावताना त्याची किंमत मोजली.

दुसऱ्या वर्षी मी डोळ्यांवरचा भार काढून पायांवर टाकला. शनिवारी सायकल लावून झाल्यावर लगेच बाहेर पडले नाही. पोहून येणारे जिथून आत शिरतात त्या कमानीपाशी गेले आणि तिथून सायकलपर्यंत चालले. मग परत कमानीपाशी, परत सायकल. एकूण सहा वेळा. पहिल्या दोन वेळा रांगा मोजल्या: डावीकडची चौथी, आत शिरल्यावर बावीस पावलं, सायकल उजव्या हाताला. पुढच्या दोन वेळा चष्मा काढून. शेवटच्या दोन वेळा चष्मा काढून आणि धावत. लोक बघत होते, बघू दे. रविवारी पहाटे हवा भरायला गेले तेव्हा अंधारात आणखी दोनदा.

खूण अशी घ्या जी जागची हलत नाही. विजेचा खांब, झाड, तंबूचा कोपरा, रांगेच्या टोकाला लावलेली नंबरांची पाटी. शेजारची सायकल, कुणाचा टॉवेल, उभी केलेली गाडी या खुणा नव्हेत. तुम्ही जितके सावकाश पोहता तितकी ही गोष्ट महत्त्वाची, कारण तुम्ही येईपर्यंत दांड्या अर्ध्या रिकाम्या झालेल्या असतात आणि शनिवारी पाहिलेलं चित्रच उरत नाही. वेगाने पोहणाऱ्यांची अडचण उलटी, त्यांना सगळ्या सायकली जागेवर आणि सगळ्या सारख्याच दिसतात. मोजलेली रांग दोघांनाही उपयोगी पडते.

फुगे, झेंडे, रिबिनी बांधायचा विचार करू नका. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमांत ट्रान्झिशनमध्ये आपली जागा खुणेने दाखवायला मनाईच आहे, आणि अशी वस्तू अधिकारी काढून टाकतात. खुणेसाठी टाकलेला टॉवेलसुद्धा. छोट्या गावच्या स्पर्धांत चालवून घेतात. कोल्हापूरकडच्या एका स्पर्धेत मी आईचा लाल-हिरव्या चौकड्यांचा सोलापुरी टॉवेल सायकलखाली अंथरला होता, कुणी काही बोललं नाही. पण मोठ्या स्पर्धेत त्यावर भिस्त ठेवू नका. सायकलचाच भाग असलेला रंग मात्र कुणी काढू शकत नाही. मी हँडलची काळी टेप काढून पोपटी लावली, दुकानात दहा मिनिटांचं काम. टांगलेल्या सायकलींच्या रांगेत हँडलच आधी नजरेत भरतं, आणि हजार काळ्या हँडलांत पोपटी एखादंच.

चष्मेवाल्यांनी नंबरचा पोहण्याचा गॉगल घ्यावा, आणि तो सायकलला हात लागेपर्यंत डोळ्यांवरून काढू नये. तयार मिळतात, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसला तरी जवळपासचा चालतो. आतून वाफ धरली असेल तर पाण्यात असतानाच, शेवटच्या बोयापाशी (तरंगत्या खुणेपाशी), एकदा धुऊन घ्या.

टी-टूचा विचार फार कमी लोक करतात. सायकलवरून येताना तुम्ही वेगळ्या दारातून शिरता, त्यामुळे डावीकडची चौथी रांग आता डावीकडची असेलच असं नाही. तो रस्ता वेगळा चाला, पावलं वेगळी मोजा. तुमच्या जागी दुसऱ्याने घाईत सायकल टांगलेली असू शकते. माझ्या बाबतीत तसंच झालं. मी वाद न घालता तिची सायकल हातभर सरकवली आणि माझी अडकवली. सायकल दांडीवर चढेपर्यंत हेल्मेटचं बक्कल उघडू नका. जाताना नियम उलटा, आधी बक्कल, मग सायकलला हात. दमलेल्या माणसाकडून चूक इथेच होते.

घरी सराव करायचा तर सोसायटीचं पार्किंग पुरेसं आहे. माझ्या मुलीने माझी स्कूटर कुठल्या खांबापाशी लावली ते मला एकदाच दाखवायचं, मग मी जागेवर दहा गिरक्या घ्यायच्या आणि चष्म्याशिवाय धावत जाऊन स्कूटरला हात लावायचा. तीन आठवडे रोज संध्याकाळी. पहिल्या दिवशी मी शेजारच्या काकांच्या स्कूटरला हात लावला.

२०२४ ला वाळूवरून वर आले तेव्हा ऊन तसंच डोळ्यांवर होतं आणि डोकंही तसंच हलकं. चौथी रांग, बावीस पावलं. अठराव्यालाच पोपटी हँडल दिसलं.

घरच्यांना भेटायची जागा आधी ठरवून ठेवा. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी किनाऱ्याला लागूनच आहे आणि कुणालाही विचारलं तरी सापडते. मनगटावरची पट्टी मात्र संध्याकाळपर्यंत कापू नका. सायकल बाहेर काढताना दारावर तिचा नंबर सीटपोस्टवरच्या नंबराशी जुळवून पाहतात, आणि नवऱ्याला पाठवून काम होत नाही. खुद्द तुम्हालाच जावं लागतं, पाय कितीही दुखत असले तरी.