पाय मोडलेला स

ओवी सिनियर केजीत गेली आणि जूनमध्ये शाळेतून एक कागद घरी आला. पालकांनी एबीसीडी पाठ करून घेऊ नये, अक्षरांची नावं सांगू नयेत, फक्त आवाज सांगावेत. मी तो कागद दोनदा वाचला. अख्खं आयुष्य अक्षरांत गेलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की अक्षराचं नाव काढू नका. सूनबाईंना म्हटलं, "मेघा, हे म्हणजे पाहुण्याला पाट द्या, पण कोण-कुठला ते विचारू नका, असं झालं."

"बाबा, तुम्ही यात पडू नका. फोनिक्स आहे ते."

फोनिक्स म्हणजे मला आधी खोकल्याचं औषध वाटलं.

मी जुळारी. आजच्या पोरांना हा शब्द माहीत नाही. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, एकेक करून स्टिकमध्ये (हातातल्या पट्टीत) लावायचे, ओळ झाली की गॅलीत (तबकात) सरकवायची, हा माझा धंदा. नाशिकला रविवार कारंजाजवळ एका बोळात छापखाना होता. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची पत्रं, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं, सगळं या हातांनी जुळवलं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मग ऑफसेट आलं, डीटीपी आलं आणि आमचे खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. आता जेल रोडला मुलाकडे असतो, आणि संध्याकाळी सहा ते सात ओवी माझ्या ताब्यात असते. त्यामुळे "यात पडू नका" हे काही जमणारं नव्हतं.

पहिले आठ-दहा दिवस मी कुरकुर केली. मग एक दिवस माझीच पाचवी आठवली. आम्हाला निफाड तालुक्यातल्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी हे २००० सालापासूनचं.) गुरुजी फळ्यावर तीन अक्षरं काढायचे आणि सगळा वर्ग ओरडायचा, सी-ए-टी कॅट, सी-ए-टी कॅट. मी एकदा उठून विचारलं होतं, "गुरुजी, सी, ए आणि टी जोडलं तर सीएटी व्हायला पाहिजे, कॅट कुठून आलं?" उत्तरादाखल कान पिळला गेला. ओवीच्या शाळेचा कागद म्हणजे माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर होतं, फक्त पोचायला पंचावन्न वर्षं लागली.

नीट बघा, इंग्रजी अक्षरांची नावं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. 'सी'च्या नावात स, पण बहुतेक वेळा काम क चं. 'वाय'चं नाव व ने सुरू होतं, काम करतो य चं. मग व चं काम कोण करतो? 'डब्ल्यू', ज्याच्या नावाच्या तोंडाशी ड आहे. 'एच'च्या नावात ह औषधालाही नाही. आपला क स्वतःला क म्हणवतो आणि क म्हणूनच वागतो. त्याची सवय लागलेलं मूल इंग्रजीत गेलं की सगळीकडे टोपणनावं घेऊन फिरणारी माणसं भेटावीत तसं त्याचं होतं. तर नावं बाजूला ठेवायची हे मला पटलं. पटल्यावर वही घेतली आणि कामाला लागलो. तिथे लगेच तोंडावर आपटलो.

मी 'एस'चा आवाज सांगितला स, 'ए'चा ॲ, 'टी'चा ट. ओवीने तिन्ही बिनचूक म्हटले. म्हटलं, आता जोड. ती म्हणाली, "सॲट." पुन्हा जोड. "सअ-ॲ-टअ." पुन्हा. "आबा, सॲटअ म्हणजे काय?" तीन दिवस आमची गाडी त्या सॲटवर अडली. मेघाच्या मोबाइलवरची शिकवणारी बाईसुद्धा ब, ट, ड असंच म्हणत होती. कॉलेज रोडच्या एका क्लासवाल्यांनी साडेचार हजारात तीन महिन्यांत मूल वाचायला लावतो असं सांगितलं होतं. तिथे डेमोला जाऊन बसलो, तर तिथेही ब, ट, ड.

घरी येताना बसमध्ये उजेड पडला. अहो, आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात अ लपलेला असतो. तो अ आपल्याला ऐकूच येत नाही, कारण जन्मापासून तो तिथेच आहे. इंग्रजी 'एस'च्या पोटात काही नाही, तो नुसता स्स्स आहे. आणि पोटातला अ काढायचा उपाय तर माझ्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या घरं पाडलेल्या पेटीत, कायम असायचा, एक बारकासा खिळा, नखाएवढा: हलंत. अक्षराचा पाय मोडायचा.

रात्री जुन्या लग्नपत्रिका काढल्या. कोऱ्या बाजूचे चौकोन कापले आणि एकेका चौकोनावर वर इंग्रजी अक्षर, खाली पाय मोडलेलं मराठी: स्, ट्, प्, न्. (घरी माझ्याकडे मूठभर खिळे अजून आहेत, पण ते तिच्या हाती देत नाही. त्यात शिसं असतं आणि पोरांची बोटं सारखी तोंडात.) सकाळी ओवीने विचारलं, "स चा पाय कुणी मोडला?" मी म्हटलं, "मी. त्याच्या पोटात अ लपला होता, तो पळून गेला."

पण मोडका ट् म्हणायचा कसा, हे पाच वर्षांच्या मुलीला समजावणार कसं? समजवावं लागलंच नाही. ते तिला येतच होतं. आपण 'पाट' लिहितो तेव्हा ट पूर्ण लिहितो, बोलताना मात्र त्याचा पाय मोडतो. पाटअ कुणी म्हणत नाही. म्हणून मी तिला मराठी शब्दांची शेपटं ऐकायला लावली. "पाट म्हण. शेवटी काय राहिलं?" "ट्." "ताक?" "क्." "साप?" "प्." "कान?" "न्." "बस?" "स्स्स." आठवडाभर घरात हाच खेळ. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "जेवायला चला गं," तर ओवीने विचारलं, "आजी, भात ची शेपटी काय?" 'डी'साठी मी आधी झाड घेतलं होतं. पण झाडातला ड जीभ मागे वळवून लटपटतो, तो इंग्रजीला चालत नाही. शेवटी ब्रेड घेतला आणि काम झालं.

आणखी एक गोष्ट हाताला लागली. काही आवाज ताणता येतात, काही येत नाहीत. स्स्स, म्म्म, न्न्न, फ्फ्फ, ल्ल्ल हे दम असेपर्यंत चालतात. ट्, प्, ब्, क् हे टिचकीसारखे, वाजले की संपले. ताणायला गेलात की अ परत पोटात शिरतो. म्हणून पहिले शब्द ताणता येणाऱ्या आवाजाने सुरू होणारे घ्यायचे: म्म्म-ॲ-ट्, स्स्स-ॲ-ट्. एका आवाजावरून दुसऱ्यावर घसरगुंडीसारखं जायचं, मध्ये थांबायचं नाही. ज्या दिवशी ओवी 'मॅट'वरून अशी घसरली, त्या दिवशी तिला स्वतःलाच धक्का बसला. तिने दारातलं पायपुसणं उचलून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

ॲ बद्दल एक कौतुकाचा शब्द. आमच्या लहानपणी बाराखडी होती. २००९च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत रीतसर बसवले, म्हणून आता पोरं चौदाखडी म्हणतात. तेव्हा मी नाकं मुरडली होती. आता पॅन आणि पेन यांतला फरक ओवीला एका मिनिटात कळला, तो त्या अर्धचंद्रामुळेच.

शाळेचा अक्षरांचा क्रम बघून मेघा हैराण झाली होती. एबीसीडी नाहीच. आधी एस, ए, टी, आय, पी, एन. जॉली फोनिक्स नावाची पद्धत आहे, तिचा हा पहिला गट. इंग्रजी अक्षरं सव्वीस, आवाज चव्वेचाळीसच्या आसपास, ही पद्धत त्यांतले बेचाळीस शिकवते. मेघाला क्रम उलटासुलटा वाटला, मला मात्र तो पाहताच घरी आल्यासारखं झालं. कारण खिळ्यांची केससुद्धा एबीसीडीच्या क्रमाने नसते! ज्या अक्षराची गरज जास्त त्याचं घर मोठं आणि हाताशी. इंग्रजी केसमध्ये 'ई'चं घर सगळ्यांत ऐसपैस, क्यू, एक्स, झेड कडेच्या कोनाड्यांत. मराठीत काना हाताशी. नवा पोरगा कामाला आला की आम्ही त्याला ओळीने काही पाठ करायला लावत नव्हतो, हात कुठे सारखा जातो ते दाखवायचो. या सहा अक्षरांतही तेच आहे. सहाच्या सहा पत्ते टाकले की लगेच सॅट, पिन, टिन, टॅप, पॅन, नॅप, स्पिन. आठवड्यात पोर शब्द वाचतं. आणि मोठी लिपी आधी नाही, छोटी आधी, कारण छापलेल्या पानावर छोटीच जास्त असते. हेही कुठल्याही जुळाऱ्याने सांगितलं असतं.

मग 'बी' आणि 'डी'ची भानगड. ओवी 'बेड'ला 'डेब' म्हणाली आणि मेघा घाबरली. रात्री मोबाइलवर कसले कसले आजार शोधत बसली. मी तिला माझी गोष्ट सांगितली. स्टिकमध्ये खिळे उलटे दिसतात, डोकं खाली. तिथे 'बी' दिसतो 'पी'सारखा, 'डी' दिसतो 'क्यू'सारखा, 'एन' होतो 'यू'. सतरा वर्षांचा होतो आणि पहिले दोन महिने मी रोज प्रुफात मार खाल्ला. तांब्या उलटा ठेवला तरी तांब्याच, खुर्ची फिरवली तरी खुर्चीच. जगात सगळ्या वस्तूंचा हा नियम असताना चार रेघांनी मात्र फिरवलं की नाव बदलायचं, हे मुलाने एका दिवसात का मानावं? शाळेच्या क्रमात हे दोघे एकत्र शिकवत नाहीत ते उगाच नाही. एक पक्का झाल्यावरच दुसरा आणायचा. सहासात वर्षांपर्यंत ही गल्लत चालायचीच.

ऑगस्टमध्ये वाटलं, झालं, ओवी वाचते. शाळेची चित्रांची पुस्तिका ती धडाधड म्हणायची. एकदा चित्रावर सहज माझा अंगठा आला आणि गाडी थांबली. मग कळलं, बाईसाहेब चित्र वाचत होत्या. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची एक परीक्षा होते, चाळीस शब्दांची, त्यांतले वीस शब्द चक्क खोटे असतात, ज्यांना अर्थच नाही. पाठांतर करणारा तिथे सापडतो, आवाज जोडणारा पार होतो. आम्हीही खोटे शब्द केले: 'निस्प', 'टॅन्प', 'पिस्ट'. त्यांना नावं देऊन भुतं बनवली. पिस्ट हे भूत पंख्यावर राहतं. खऱ्या शब्दांपेक्षा तिला ही भुतंच जास्त आवडतात.

सगळं काही आवाजाने सुटत नाही, हेही सांगायला हवं. 'सेड' या शब्दात ए आणि आय दोघे बसलेत आणि दोघांपैकी एकही आपलं काम करत नाही. 'वन'मध्ये तर व नाहीच. अशा शब्दांना आम्ही आडमुठे म्हणतो, त्यांची वेगळी पिशवी आहे, ते तोंडपाठ. ओवी एकदा वैतागून म्हणाली, "आबा, मराठी चांगलं, इंग्रजी खोटारडं." मला गुदगुल्या झाल्या, पण खरं सांगावं लागलं. तिला 'चार' आणि 'चारा' म्हणायला लावलं. "च तोच का?" ती दोनदा म्हणून बघत राहिली. मग जेवण आणि जावई. आपलेही च, ज, झ दोन-दोन तोंडांचे आहेत, आणि कुठे कुठलं तोंड लावायचं हे लिहून ठेवलेलं नसतं.

गेल्या रविवारी तिला बसने गावात घेऊन गेलो. आता तिच्याबरोबर रस्त्याने जाणं म्हणजे प्रूफ वाचायला बसण्यासारखं आहे, एक पाटी सोडत नाही. एका मिसळवाल्याची इंग्रजी पाटी वाचून तिने "मिसल" म्हटलं आणि ळ कुठे गेला म्हणून विचारलं. द्वारका चौकाच्या पुढे एका दुकानावर पत्त्यात सीबीएस, म्हणजे सेंट्रल बस स्टँड, लिहिलेलं होतं. ती पुटपुटत राहिली, "क्-ब्-स्... क्ब्स्..." पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. तिच्या हिशेबाने तिचं अगदी बरोबर होतं. मी सांगितलं की इथे या अक्षरांची नावंच घ्यायची, सी, बी, एस. तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं. नावं घ्यायची नाहीत असं मीच तर चार महिने सांगत होतो.

परतताना नाशिकरोड स्टेशनपाशी उतरलो. तिने वर एका पाटीवरचं इंग्रजी नाव फोडायला घेतलं. एन, ए, मग एस-एच ची जोडी, ती नुकतीच शिकलीये, आय, के.

"नॅशिक," ती म्हणाली. मग शेजारचं मराठी वाचलं. "नाशिक." पुन्हा इंग्रजी पाहिलं, पुन्हा मराठी.

"आबा, इंग्रजीवाल्याला काना द्यायचा राहिलाय."