कोरडी निब

शाईचं पेन महिनाभर तसंच पडून राहिलं की रुसतं. टोपण काढून कागदावर टेकवावं, तर नुसता ओरखडा उठतो. मग सगळे करतात तेच आपणही करतो, झटकतो. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या झटक्याला भिंतीवर निळे शिंतोडे. अशाने कधीकधी चार अक्षरं उमटतातही, पण डागांसकट.

गंमत म्हणजे नळीत शाई असतेच. निबेच्या पोटाशी जी जीभ असते, तिच्यातल्या केसाएवढ्या खाचेतून शाई पुढे सरकायची. पेन वापरात नसलं की शाईतलं पाणी उडून जातं, रंग मागे राहतो आणि खाचेत त्याची खपली धरते. मागे कितीही शाई असो, वाट बुजलेली.

दिवाळी अंकाला लेख द्यायचं कबूल करून बसलेल्या माणसाचं असंच होतं. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्याच्या वर्षात एक खुंटी ठोकली गेली. अंक दिवाळीत हातात पडायचा, तर मांडणी, मुद्रितं आणि छपाई धरून मजकूर पावसाळ्यातच हातावेगळा व्हायला हवा. प्रत्यक्षात आषाढात होकार जातो, श्रावणात पहिली आठवण येते, भाद्रपदात गणपतीचं निमित्त पुढे करता येतं. पितृपक्षात मात्र निमित्तं संपतात आणि संपादकाचा आवाज विलक्षण मऊ होतो.

अशा वेळी ‘सुचत नाही’ असं म्हणतात. बहुतेकदा ते खरं नसतं. याच माणसाला चहाच्या टपरीवर त्याच विषयाबद्दल विचारा, वीस मिनिटं थांबणार नाही. अडतं ते पहिल्या वाक्यावर. त्या एका वाक्याने विषय सांगायचा, वाचकाला बसवून ठेवायचं, विद्वत्ता दाखवायची आणि वर सहज सुचल्यासारखंही दिसायचं. एवढं ओझं घेऊन कुठलं वाक्य उभं राहणार? ते खोडलं जातं, दुसरं येतं, तेही खोडलं जातं. तासाभराने कागदावर असते ती फक्त तारीख.

पेनाचं पाहू. झटकायचं थांबवून निबेचा भाग फिरवून वेगळा करावा. नळीतली जुनी शाई ओतून टाकावी. घट्ट झालेली शाई वाचवण्यात अर्थ नाही. वाटीत कोमट पाणी घेऊन निब आणि जीभ रात्रभर भिजू द्यावी. कढत पाणी नको, प्लॅस्टिकची जीभ वाकली की पेन कायमचं ठिबकतं. सकाळी पाणी निळंशार झालेलं असतं. ते टाकून नवं घ्यावं, असं तीन-चार वेळा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. खपली फारच हट्टी असेल तर भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब, आणि मग पुन्हा साधं पाणी. शेवटी निब मऊ सुती फडक्यात टोकावर उभी ठेवली की उरलंसुरलं पाणी फडकं ओढून घेतं. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई भरून वाळवली असेल, तर मात्र बहुधा पेनाची आशा सोडावी.

लेखाचं कोमट पाणी म्हणजे बिनमहत्त्वाचं लिहिणं. घरातली एक वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ पोळपाट. घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त त्याच्याबद्दल लिहावं. मधोमध किती झिजलाय, तीन पायांतला कुठला आखूड आहे, ओट्यावर पोळी लाटताना कसा आवाज येतो, कडेच्या खाचेत कुठलं पीठ बसलंय. ‘सुंदर’ चालणार नाही, ‘जणू’ चालणार नाही, आणि पोळपाटावरून आजीच्या संस्कारांवर घसरायला तर सक्त मनाई. हाताने लिहिताना दहा मिनिटांत शंभर-दीडशे शब्द होतात. ते टाकून द्यायचे. हा उपाय फसतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पोळपाट बरा जमतोय असं वाटायला लागतं, त्याचाच लेख करायचा मोह होतो, आणि पुन्हा पहिलं वाक्य छाती काढून समोर उभं राहतं. त्या दिवशी वस्तू बदलावी. किसणी चांगली.

ज्यांना हेही जमत नाही त्यांनी फोनवर तीन मिनिटं बोलून ध्वनिमुद्रण करावं आणि ऐकत ऐकत जसंच्या तसं उतरवून घ्यावं. ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ वगळून तीनेकशे शब्द तरी हाती लागतात, आणि त्यातलं एखादं वाक्य असं निघतं की ते टेबलाशी बसून कधीच सुचलं नसतं.

मराठीत आणखी एक खपली आहे, ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 साली आले, 1972 साली त्यात 4 वाढले. अठरा नियम म्हणजे फार नव्हेत, पण लिहिता लिहिता ‘परंतु’चा तु पहिला की दुसरा याशी माणूस अडखळला की वाक्याचं शेपूट हातातून निसटतं. (पहिला. ‘आणि’चा णिही पहिलाच.) शिवाय फोन प्रत्येक धड मराठी शब्दाखाली लाल रेघ ओढतो, तो वेगळा छळ. पहिल्या खर्ड्यापुरती ती रेघ बंद करावी आणि सगळ्या वेलांट्या शेवटी एका बैठकीत तपासाव्यात.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लेखनक्रियेच्या समासाने केली आहे. मोठ्या अपेक्षेने तो उघडणाऱ्याला तिथे लेखणीसाठीचे देशोदेशीचे बरू भेटतात, लाल रंगासाठीचा हिंगूळ भेटतो, शाईचा साठा भेटतो. कागदाच्या कडा मोकळ्या सोडा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणीचं बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगाचं नाही, तेव्हा मध्यम काढा. चष्म्याचा नंबर वाढलेल्या कुठल्याही लेखकाला पटेल असा सल्ला. बाकी बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर घोटून सुंदर करण्याचाच आग्रह.

शेवटचा उपाय दिवस संपतानाचा आहे. परिच्छेद पुरा करून उठू नये, वाक्य अर्ध्यावर सोडून उठावं. पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच. पुरं झालेल्या परिच्छेदाखाली सकाळी नवं पहिलं वाक्य शोधावं लागतं, आणि त्याचे नखरे आपण पाहिलेच. अर्धं वाक्य मात्र पुरं करायला हात आपोआप सरसावतो. उठताना पेनाला टोपण घट्ट बसवावं. पंखा सुरू असेल तर उघडी निब काही मिनिटांत कोरडी पडते.

एवढ्यात संपादकांचा फोन आलाच तर पाचशे शब्द झालेत म्हणून खुशाल सांगावं. ते पोळपाटावरचे आहेत, हे कोणी विचारत नाही.