होम सर्व्हरची डायरी: आपोआप होणारं अपडेट आणि मागे पडलेलं घड्याळ

मागची नोंद जिथे अडकली होती तिथूनच पुढे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), काम फोटो आणि बॅकअप सांभाळायचं. रात्री थेट भिंतीवरच्या स्विचपासून बंद, संध्याकाळी चालू. अपडेट आपोआप व्हावं म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स लावलेलं, आणि ते अधूनमधून फेल. मी समोर बसून हातानं चालवलं की मशीन सुतासारखं सरळ, एकही एरर नाही. दुसऱ्या दिवशी लॉग उघडावा तर येरे माझ्या मागल्या.

फेल होण्यापेक्षा जास्त चीड येते ती गप्प बसण्याची. मशीन चालू असतं, फोटो उघडतात, सगळं आलबेल वाटतं, आणि आत सिक्युरिटीचे पॅच कधीपासून लागलेलेच नसतात.

या वेळी एकच गोष्ट धरून बसलो: हातानं होतं आणि आपोआप होत नाही, तर दोन्हींत वेगळं काय? पॅकेज तीच, नेट तेच, डिस्क तीच. वेगळी फक्त वेळ. नव्या पॅकेजांची यादी आणण्याचा मूळ टायमर सकाळी आणि संध्याकाळी ६ला लागतो आणि त्यावर १२ तासांपर्यंतची ढील असते, जगभरातली सगळी मशीन एकाच मिनिटाला रिपॉझिटरीवर (पॅकेजं जिथून येतात त्या सर्व्हरवर) तुटून पडू नयेत म्हणून. माझं मशीन दिवसातले काही तासच चालू, त्यामुळे तो टायमर मी ‘बूट झाल्याबरोबर’ असा करून ठेवला होता. म्हणजे आपोआप होणारं अपडेट अगदी सुरुवातीच्या क्षणांत धावतं आणि हातानं केलेलं निवांत, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर.

मग जर्नलमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) त्या पहिल्या मिनिटाच्या सगळ्या ओळी सलग वाचल्या. इथे खरी गंमत. सुरुवातीच्या ओळींवर काल रात्रीची वेळ! पुढे एका ओळीवरून दुसरीवर जाताना घड्याळानं जवळजवळ अख्ख्या दिवसाची उडी मारलेली. अपडेटची एरर नेमकी त्या उडीच्या आधी: सिक्युरिटी रिपॉझिटरीची रिलीज फाइल (यादी कधीची आहे ते सांगणारी) अजून वैध झालेली नाही, व्हायला आणखी इतके तास आहेत. फाइल भविष्यातली आहे असं मशीनचं म्हणणं. त्याच्या घड्याळानुसार ते खरंही होतं.

कारण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. (नावातच माप आहे: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी.) नवा असताना ३ व्होल्ट देणारा हा सेल मल्टिमीटरवर जेमतेम २ दाखवत होता. प्लग चालू असेपर्यंत पॉवर सप्लायची ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन बोर्डवरच्या घड्याळाला जगवते, त्यामुळे नुसतं रीस्टार्ट करून कितीही वेळा तपासा, दोष दिसणारच नाही. भिंतीवरचा स्विच बंद केला की घड्याळ पडलं. मग बूट होताना सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामचा) टाइमसिंक, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारा भाग, काय करतो, तर शेवटची वेळ त्यानं डिस्कवर लिहून ठेवलेली असते, निदान तिच्या मागे तरी जायचं नाही म्हणून घड्याळ तिथे आणून ठेवतो. म्हणून तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची न दिसता कालच्या रात्रीची दिसत होती. दहा वर्षं मागे गेली असती तर पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरली असती. एका दिवसाचा फरक कोण बघतो?

त्यापुढे निव्वळ शर्यत. ॲप्ट (डेबियनचं पॅकेज आणणारं साधन) सुरू होण्याआधी नेट आलंय का याची वाट बघतं, पण घड्याळ लागलंय का हे विचारत नाही. नेट आलं की इकडे टाइमसिंक वेळ मागायला निघतो आणि तिकडे ॲप्ट यादी आणायला. टाइमसिंक आधी पोचला तर अपडेट होतं, ॲप्ट आधी पोचलं तर फेल. शिवाय काल रात्रीनंतर नवी रिलीज फाइल निघालीच नसेल तर घड्याळ मागे असूनही एरर येत नाही. मुख्य रिपॉझिटरी कधीच अडली नाही तेही यामुळेच: स्थिर आवृत्तीची ती फाइल क्वचित बदलते, सिक्युरिटीची वरचेवर.

तारखेची ही तपासणी बंद करता येते आणि नेटवर तोच सल्ला सर्रास मिळतो. मी केली नाही. कोणी मधल्यामध्ये जुनी यादी पुरवून तुम्हाला भोकं न बुजवलेल्या पॅकेजांवर अडकवून ठेवू नये, यासाठीच रिलीज फाइलवरच्या तारखा तपासल्या जातात. घड्याळ चुकलंय म्हणून पहारेकऱ्याला घरी पाठवायचं, हे काही पटत नाही.

सेल बदलला. बदलण्याआधी बायोसच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, खास करून डिस्कचा मोड आणि बूटचा क्रम. आज ना उद्या हाही सेल संपणारच, म्हणून सिस्टिमडीची ‘वेळ जुळेपर्यंत थांब’ ही सर्व्हिस चालू केली आणि यादी आणणारी सर्व्हिस तिच्यामागे लावली. मूळ फाइलला हात न लावता वेगळी ड्रॉप-इन फाइल (मूळ फाइलला जोड देणारी) केली, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये आपलाच बदल पुसला जायचा.

शर्यत मिटली. त्यानंतर लगेच कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) अपडेट आलं आणि आडवं पडलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

शेवटची ओळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची: डीपीकेजीनं (ॲप्टच्या हाताखाली पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामनं) एरर कोड १ दिला. ही ओळ नेटवर शोधू नका. ती फक्त ‘काहीतरी बिनसलं’ एवढंच सांगते, आणि उत्तरं मिळतात ती दुसऱ्याच कोणाच्या तरी बिघाडाची. लॉग खालून वर वाचत पहिल्या एररपर्यंत जायचं. माझ्याकडे ती वर बरीच आत दडली होती: बूट पार्टिशनवर (डिस्कच्या ज्या भागात कर्नल राहतात तिथे) जागा नाही. हे पार्टिशन आधीच्या इन्स्टॉलेशनपासून चालत आलेलं, पाव जीबीसुद्धा नाही. एकेक इनिटआरडी (बूट होताना कर्नलसोबत लागणारी इमेज) ७० एमबीच्या आसपास. दोन कर्नल मावतात, पण नवा बसेपर्यंत जुना निघत नाही, म्हणजे काही वेळ तिघांची जागा लागते. तिसऱ्याची इमेज अर्ध्यावर तुटली, कर्नलचं पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेलं राहिलं, आणि मग ज्याचा कर्नलशी काडीचा संबंध नाही असं पॅकेज टाकतानाही डीपीकेजी आधी तेच पुरं करायला जाणार आणि तिथेच आपटणार.

सोडवताना आधी चालू कर्नल कोणता ते बघितलं, मग जो चालू नाही त्या जुन्याची इनिटआरडी दुसऱ्या डिस्कवर हलवून जागा केली. डीपीकेजीला राहिलेलं सगळं कॉन्फिगर करायला लावलं, ते मुकाट्यानं झालं, आणि मग जुना कर्नल रीतसर ॲप्टकडूनच काढला. इनिटरामएफएसच्या (ही इमेज बनवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’ केलं. आता फक्त याच मशीनला लागणारे मॉड्यूल (ड्रायव्हर वगैरे) भरले जातात आणि इमेज बरीच आटली आहे. तोटा एवढाच की ही डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला लावली तर ती बूट होईलच असं नाही. मला चालतंय. डिस्क फिरवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता गप्प बसण्याचं. अनअटेंडेड-अपग्रेड्सला ‘फक्त एरर आली तर’ मेल पाठवायला सांगता येतं, ते केलं. पण यादीच आली नाही तर हा मेल येत नाही, कारण यादी आणणारी सर्व्हिस वेगळी. त्याच्या हिशोबानं नवीन काहीच नाही, मग एरर कसली? घड्याळाचा घोळ या मेलनं पकडलाच नसता. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट वेगळी: यादी शेवटची यशस्वीपणे कधी आली ते बघते आणि आठवडा उलटला असेल तर बोंब मारते. लावण्याआधी मुद्दाम नेटची केबल काढून आणि मर्यादा काही मिनिटांवर आणून बघितली. बोंबलली.

राहिलेलं काम: बूट पार्टिशन मोठं करणं. त्याच्या शेजारीच एन्क्रिप्टेड एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) बसलंय, त्यामुळे आधी पूर्ण बॅकअप, मग हात. ‘डेप’वाल्या इमेजसह पुढचा कर्नल बसला की किती जागा उरते ते बघतो आणि मग ठरवतो, करायचं की आहे तसंच ढकलायचं. कोणी एलव्हीएम न मोडता हे केलं असेल तर कोणत्या क्रमानं केलं ते जरूर सांगा.